चौकातलं वाकडं बोट

गजभिये काकाजींना माणूस ओळखायचा असला की ते त्याला आधी मान खाली घालायला लावतात. भर लग्नात, हॉस्पिटलच्या लाइनीत, विहारात वंदना संपल्यावर, कुठंही.

"कोण वं?"

"मी सुनंदा, काकाजी."

"तोंड नको दाखवू. मुंडकं खाली कर."

मी मुकाट्यानं मान खाली घालते. ते चष्मा सारखा करून वरून माझ्या भांगाकडे बघतात आणि मग त्यांचा चेहरा खुलतो. "हाव! मेश्रामची पोट्टी! डावीकून भांग, मधात भोवरा. असं पहिलेच सांगाव ना!"

आता मी पन्नाशी ओलांडलेली, शाळेत पोरांना दम देणारी बाई. पण भिलाईत आमच्या सेक्टरात अशी मान सगळ्यांनीच घातलेली आहे. डॉक्टरांनी घातली, नगरसेवकानं घातली, आणि एकदा तर नवऱ्या मुलानं मंडपात मुंडावळ्यांसकट घातली. काकाजींना बोलून काही उपयोग नाही. त्यांची सगळी नोकरी गेली पोलादाच्या प्लांटमध्ये वरच्या क्रेनवर. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुलासारखी आडवी क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली केबिन आणि केबिनमध्ये काकाजी. शिडी चढून सकाळी वर गेले की शिफ्ट संपल्यावर खाली. जग त्यांनी वरून पाहिलं. वरून माणसाला तोंड नसतं, टाळू असते.

"टक्कल पडलं तं कसं ओळखता?" मी एकदा विचारलं होतं.

"थे तं अजून सोपं. प्रत्येकाचं टक्कल वेगळं राह्यते, पोरी. तुह्या बापाचं छत्तीसगडच्या नकाशावानी होतं."

बाबा जाऊन आठ वर्षं झाली, पण खरं सांगते, होतं तसंच.

क्रेन सुटली तरी क्रेनचा कायदा काही सुटला नाही. क्रेनवाले म्हणे कुठलंही वजन एकदम उचलत नाहीत. आधी सहा इंच उचलायचं, थांबायचं, साखळी नीट बसली का, तोल बरोबर आहे का बघायचं, मगच वर न्यायचं. याला म्हणायचं टेस्ट लिफ्ट. काकाजी चहाच्या कपाचीसुद्धा टेस्ट लिफ्ट घेतात. कप बशीवरून बोटभर वर येतो, थांबतो, काकाजी दोन्ही बाजूंनी वाकून बघतात, आणि मग चहा तोंडाला लागतो. तोवर त्याच्यावर साय धरलेली असते. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना विचारलं, "जावई सहा इंच उचलून पाह्यला का?" बाबांना काही उमगेना. मी आतल्या खोलीत हसून हसून मेले. पुढं संसारात पडल्यावर कळलं, की प्रश्न काही अगदीच वेड्यासारखा नव्हता.

दुसरा कायदा म्हणजे "लोड टांगून ठेवू नका." अर्धवट सोडलेली कुठलीही गोष्ट म्हणजे टांगलेला लोड. फोनवर "मग बघू" म्हणून कोणी ठेवून दिलं, की झालाच लोड टांगून. "हो म्हण नाहीतं नाही म्हण, पण खाली उतरव," असं ते समोरच्याला सुनावतात. आणि एका आंबेडकर जयंतीला तर कहर केला. आमचे समितीचे अध्यक्ष, साखरे साहेब, हे रिटायर्ड ऑफिसर. माणूस वाईट नाही, पण माइक हाती आला की त्याला घड्याळ दिसत नाही. लोक उन्हात वाळून चालले होते. पहिल्या रांगेतून काकाजी उठले, हात लांब केला, तर्जनी जमिनीकडे केली आणि हात गोल गोल फिरवायला लागले. तोंडातून शब्द नाही. प्लांटमधली निम्मी माणसं समोर बसलेली, त्यांना सिग्नल बरोबर कळला. लोड खाली उतरवा! जो हशा पिकला म्हणता! साखरे साहेब तेव्हापासून काकाजी दिसले की रस्त्याची बाजू बदलतात.

काकाजींना आख्खा सेक्टर 'हॉइस्ट काकाजी' म्हणतो, त्याची कथा अशी. आमच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. म्हणजे होता, सिमेंटचा. बत्तीस वर्षांपूर्वी प्लांटमधल्या आमच्याच लोकांनी ड्यूटी संपवून, दमलेल्या हातांनी घडवलेला. निळा कोट, डाव्या हातात पुस्तक, उजवा हात वर आणि बोट पुढे. एका जयंतीला मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली आणि पाहुणे म्हणून काकाजींना बसवलं. मी प्रश्न विचारला, "बाबासाहेबांचं बोट कुठं दाखवतं?" एक पोरगी म्हणाली, संसदेकडे. दुसरा म्हणाला, शाळेकडे. तिसऱ्यानं तर 'उज्ज्वल भविष्याकडे' असं आईनं पाठ करून घेतलेलं उत्तर दिलं.

काकाजी उभे राहिले. "सगळे फेल! बोट कुठंच दाखवून नाही राहिलं. बोट वर, मनगट असं, म्हणजे हॉइस्ट. उचला! बाबासाहेब सिग्नल देऊन राहिले ना बाप्पा! खाली जे पडेल आहे थे उचला म्हणते. अन् तुमी लोक दिशा पाह्यता!"

आता बोला. परीक्षक मी होते. मार्क कुणालाच दिले नाहीत. पण त्या दिवशी घरी जाताना मी पुतळ्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, अरे, म्हातारा म्हणतो ते काही खोटं नाही.

रोज चार वाजले की काकाजी पुतळ्यासमोरच्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, येऊन बसायचे. अंधार पडेपर्यंत बसायचे. बायको पाच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्यात. तो दर दिवाळीला "बाबा, चला" म्हणतो आणि काकाजी दर दिवाळीला "पाह्यतो" म्हणून स्वतःचाच लोड टांगून ठेवतात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी भक्ती वाढली. जयंतीच्या आधी पुतळ्याला रंग लागायचा. कोट, पुस्तक, बूट कुणीही रंगवा. उजवा हात मात्र काकाजीच रंगवणार. दुसऱ्या कुणी ब्रश नेला की खेकसायचे, "हाताले हात नको लावू!"

आणि अशात समितीनं ठरवलं, नवा पुतळा बसवायचा. ब्रॉन्झचा, नागपूरहून, जुन्याच्या दीडपट.

समितीची सेक्रेटरी मी. अक्षर चांगलं असल्याची शिक्षा. बैठकीत साखरे साहेबांनी कारणं सांगितली आणि ती खोटी नव्हती. जुन्या पुतळ्याला भेगा गेल्या होत्या, आतल्या सळ्या गंजल्या होत्या, कानाचा कोपरा झडला होता. "आणि मुख्य म्हणजे," साहेब म्हणाले, "त्याचं बोट वाकडं आहे. शेंड्याशी. बाहेरचे पाहुणे विचारतात. आपल्याला लाज वाटते." जुना पुतळा फोडायचा नाही, टाकायचा नाही, नव्या चबुतऱ्याच्या पायात सन्मानानं ठेवायचा, वरून काँक्रीट ओतायचं. सगळ्यांनी हात वर केले. ठराव पास.

काकाजींनी हात वर केला नाही. उठले आणि निघून गेले.

मग त्यांचे आक्षेप यायला लागले, सेक्रेटरीच्या नावानं, वहीच्या पानावर लिहून. पहिला आक्षेप, नव्या पुतळ्याच्या वजनानं चौक खचेल. इंजिनिअर आणला, त्यानं सांगितलं, खचणार नाही. दुसरा, नव्या पुतळ्याचा चष्मा चेहऱ्याच्या मानानं मोठा आहे. फोटो मागवला, मापून दाखवला. तिसरा, ब्रॉन्झ उन्हात तापतं, हार घालणाऱ्याचे हात भाजतील. चौथा आक्षेप तर असा, की चौकातल्या कबुतरांना जुन्या पुतळ्याची सवय आहे. साखरे साहेबांचा तोल गेला. "सेक्रेटरी बाई, कबुतरं नोंदवू नका!" मी नोंदवली. नियम म्हणजे नियम.

पाचवा आक्षेप एका ओळीचा होता. "नव्या पुतळ्याचे बोट सरळ आहे. असे बोट कोणाचेच नसते."

त्या दिवशी मात्र माझंच डोकं फिरलं. सगळा सेक्टर खुशीत, बायका निळ्या साड्यांची बोलणी करतायत, आणि हा एक माणूस विघ्न आणत बसलाय! शाळेतून सुटले ती थेट चौकात गेले, भांडायला.

काकाजी पुलियावर नव्हते. चबुतऱ्याला टेकवलेल्या शिडीवर उभे होते. एका हातात मग, दुसऱ्यात जुना दातांचा ब्रश, आणि पुतळ्याच्या बोटांच्या फटी घासत होते. अंगठ्याचं नख घासलं. करंगळी घासली. मग ब्रश मगात टाकला आणि ते वर आलेलं वाकडं बोट मुठीत धरून नुसते उभे राहिले. लहान पोर जत्रेत बापाचं बोट धरतं ना, तसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

माझं अर्धं भांडण तिथंच गळालं. उरलेलं अर्धं मी केलं.

"काकाजी, उतरा खाली! कावून त्रास देऊन राहिले तुमी साऱ्यायले? थो पुतळा पडाले आला. एखाद्या पोराच्या डोक्यावर पडला म्हणजे?"

ते सावकाश उतरले. पुलियावर बसले. मला बस म्हणाले नाहीत, पण मी बसले.

"सुनंदा, तुले एक सांगतो. रजिस्टरमधी नको लिहू."

"नाही लिहत. सांगा."

"थो हात दुकालूचा आहे."

मला कळेना. दुकालू कोण?

दुकालू त्यांचा खलाशी. क्रेनखाली जमिनीवर उभा राहून वजनाला साखळी बांधणारा आणि वरच्याला हातानं इशारे करणारा. शेडमध्ये आवाज एवढा, की बोललेलं स्वतःला ऐकू येत नाही. वरचा माणूस फक्त खालच्याच्या हाताकडे बघतो. दुकालू बालोदकडचा छत्तीसगडी, काकाजी भंडाऱ्याचे. सुरुवातीला याला त्याची भाषा येत नव्हती, त्याला याची. भाषेची गरजच पडली नाही. बावीस वर्षं दोघं एकाच शिफ्टला होते.

"बावीस वर्षं मी त्याच्या हाताकडे पाह्यलं, पोरी. माह्या बायकोच्या तोंडाकडे नसन पाह्यलं इतकं. त्यानं बोट वर केलं की मी उचलाचो. मूठ बांधली की थांबाचो. कधी कावून म्हणून नाही इचारलं. त्याचा हात म्हणजे..." त्यांनी स्वतःचा हात वर केला, मग मांडीवर ठेवून दिला.

"अन् बोट कसं वाकडं झालं?"

"मी केलं."



"एक दिवस त्यानं मूठ बांधली अन् माही नजर घडीकडे होती. सुटीचा टाइम झाला होता. एक सेकंद, बस. साखळी आवळली गेली, बोटाचा शेंडा मधात. त्यानं काय केलं मालूम? दुसऱ्या हातानं सिग्नल देल्ला, लोड नीट खाली उतरवून घेतला, अन् मंग बसला खाली. साहेबाले सांगितलं, माहीच चूक झाली म्हणून. आठ दिवसानं पट्टी बांधून आला अन् थोच हात वर केला. मी वरून रडून राहिलो अन् क्रेन चालवून राहिलो."

पुतळा घडवत होते पॅटर्न शॉपचे वासनिक. लाकडाचे साचे करणारा माणूस, चेहरा सुरेख जमला, कोटाच्या चुण्या जमल्या, हात काही जमेना. पहिला झाला वांग्यासारखा, दुसरा गाजरांच्या जुडीसारखा. वासनिक म्हणाले, खऱ्या हाताचा साचा घ्यावा लागेल आणि प्लास्टर वाळेपर्यंत हात वर धरून ठेवणारा माणूस पाहिजे, जराही हलता कामा नये. काकाजी म्हणाले, असा माणूस भिलाईत एकच आहे.

"तुमी कोणाले सांगितलं नाही?"

"वासनिक बोलला, चूप राह्य. वासनिक बी गेला, आता हे मालूम असलेला मीच. कसं सांगू पोरी? लोक म्हणतीन, गजभियेनं बाबासाहेबाच्या नावावर आपला दोस्त उभा केला चौकात. अन् थे खोटं बी नाही. मी वंदन कराले हात जोडतो, पण नजर पहिले हाताकडे जाते. बत्तीस वर्षं झाले. पाप आहे का थे?"

मी बौद्ध घरातली मुलगी, शिक्षिका, समितीची सेक्रेटरी. मी दुसरंच विचारलं.

"दुकालूभाऊ कुठं असतात आता?"

"रिटायर झाला, गावी गेला. कावीळ झाली म्हणे. मले एक महिन्यानं समजलं. मातीले बी गेलो नाही मी." मग पुतळ्याकडे बघत म्हणाले, "त्याचा आवाज नाही आठवत मले. लय आठवून पाह्यतो. आमी बोललोच कुठं? आता थो हात बी काँक्रीटमधी चालला."

भर चौकात, भाजीवाल्यासमोर, मी पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, मी बैठकीत बोलते, हात वेगळा काढून मागते. तर माझं मनगट धरलं त्यांनी. "नाही. तू वचन देल्लं. रजिस्टरमधी नाही." सहावा आक्षेप आलाच नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा थकला.

पुतळा हलवायचा दिवस उजाडला. सकाळी वंदना झाली. हायड्रा क्रेन आली, पट्टे आले, मंडपवाला आला. साखरे साहेब माइकवर होतेच. काकाजींना त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की दोरीच्या आत यायचं नाही. काकाजी दोरीच्या बाहेर, बायकांच्या घोळक्याजवळ, हात मागं बांधून उभे होते. 

हायड्रावाला अनुभवी माणूस होता, पण रस्त्यावरचे खांब आणि टपऱ्या उचलणारा. त्यानं पट्टे पुतळ्याच्या काखेतून घेतले. काकाजी कळवळून ओरडले, "काखेतून नको रे बाप्पा! कमरेतून घे! कमरेतून!" पण भोंग्यावर गाणी चालू होती, आणि खाली माणूस ओरडला तर कधी ऐकू जातं? पट्टे ताणले गेले. पुतळा चबुतऱ्यावरून सुटला, वीतभर वर आला, आणि कोपराशी बारीकसा आवाज झाला. उजवा हात कोपरापासून निखळला आणि खालच्या वाळूच्या ढिगात पडला.

बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई" निघालं. गाणी बंद झाली. साखरे साहेबांचा चेहरा पांढराफटक. "फोटो नका काढू! कोणीही फोटो काढू नका!" ते माइकवरच ओरडत होते.

काकाजी दोरीखालून आत गेले. वाळूत मांडी घातली आणि तो हात उचलून मांडीवर घेतला. शर्टाच्या बाहीनं त्याची वाळू पुसायला लागले.

"गजभिये, ठेवा ते," साहेब जवळ आले. बोलले बरंच हळू. "झालं ते वाईट झालं. पण सगळं एकत्रच पायात जाईल. ठराव झालेला आहे."

"बाकी सगळं न्या, साहेब," काकाजी म्हणाले. "बाबासाहेबाले सन्मानानं ठेवा. मी बी फूल वाहतो. पण हा हात नका टाकू. हा त्यायचा नाही. माह्या दोस्ताचा आहे."

आणि त्यांनी सांगितलं. सगळ्या सेक्टरासमोर, वाळूत बसून, पाचसहा वाक्यांत. दुकालू कोण, साचा कसा घेतला, बोट कुणी मोडलं. शेवटी म्हणाले, "मी लपवलं थे चुकलं. जी शिक्षा द्याची थे द्या. पण हात द्या."

 मग मागून कुणीतरी बोललं, "म्हणजे इतके वर्षं आपण खलाशाच्या हाताले हार घालून राहिलो?" आणि कुजबुज सुरू झाली. साखरे साहेब घाम पुसत होते.

माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही, हे घरचे सांगतातच. मी माइक घेतला. "हार बाबासाहेबांना घातला! अन् बाबासाहेबांच्या खांद्याला एका खलाशाचा हात लागला, तं त्यांना काय कमीपणा आला? ज्याचं बोट मोडलं अन् ज्यानं कंप्लेंट नाही केली, असा हात तुमच्यापैकी कोणाचा आहे, दाखवा मले!"

कुणी दाखवला नाही. काकाजींना अजूनही नावानं हाक मारणाऱ्या, सगळ्यात म्हाताऱ्या यशोदाबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांचा मालकही प्लांटमध्ये खलाशीच होता. त्यांनी वाकून त्या सिमेंटच्या हाताला हात लावला आणि तोच कपाळाला लावला. "घेऊन जाय रे हरी," एवढंच म्हणाल्या.

साखरे साहेब घुटमळले. "पण ठरावात दुरुस्ती लागेल." मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि वाळूच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या लिहिलं, 'उजवा हात श्री. गजभिये यांना देण्यात यावा.' सूचक यशोदाबाई. अनुमोदक म्हणून मी सही करणार, तर साहेबांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः सही केली. बाई गं! माणूस किती वर्षं ओळखीचा असला तरी कधी काय करील सांगता येत नाही.

काकाजींनी हात टॉवेलात गुंडाळला आणि कडेवर घेऊन पायी घरी गेले.

नवा पुतळा बसला. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. बोट सरळ आहे. बघायला लांबून लोक येतात. पण पुलियावर काकाजी काही आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. शाळेतून येताना माझी नजर तिकडे जायची आणि पुलिया रिकामा दिसायचा. साखरे साहेबसुद्धा विचारून गेले, "गजभिये दिसत नाहीत हो?" शेवटी रविवारी दुपारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले.

दार उघडंच होतं. आतून खमंग वास येत होता, पाटोडीच्या रश्श्याचा. स्वयंपाकघरासमोरच्या छोट्या खोलीत काकाजी जेवायला बसले होते. टेबलावर दोन ताटं. दुसऱ्या ताटासमोरच्या खुर्चीवर, उशा रचून उंच केलेल्या जागी, वाळू भरलेला गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, आणि त्यात कोपराकडून रोवलेला तो हात. त्याच्यावरचे बत्तीस वर्षांचे रंगाचे थर काकाजींनी खरवडून काढले होते. खाली साधं राखाडी सिमेंट निघालं होतं. नखं दिसत होती. तळव्याच्या कडेला एक जुना वण दिसत होता.

क्षणभर मला भीती वाटली, म्हाताऱ्याचं काही बिनसलं तर नाही?

"ये," ते म्हणाले. मला मान खाली घालायला लावली नाही. "येडा नाही झालो मी, सुनंदा. तसं नको पाहू."

"मग हे काय, काकाजी?"

"इथंच घेतला होता साचा. याच खोलीत. वासनिक म्हणे, शेडमधी धूळ आहे, तुह्या घरी घेऊ. दुकालू पहिल्यांदा माह्या घरी आला. बावीस वर्षांत एकच बार. हे होती तवा," त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं, "सकाळपासून राबली. पाटोडी केली. त्याच्यासाठी नवीन ताट काढलं. पण साच्याले लय वेळ लागला. ताट वाढून झालं अन् याचा उजवा हात प्लास्टरमधी! जेवन कसा? हे म्हणे, मी भरवतो भाऊजी. थो लाजला. म्हणे, नहीं भउजी, फेर आहूं, दुनों हाथ ले खाहूं."

त्यांनी घास घेतला नव्हता. ताटातली भाकर तशीच होती.

"पुन्हा येईन, दोन्ही हातानं खाईन म्हणला. शिफ्ट बदलली, हे आजारी पडली, थो रिटायर झाला. मी बोलावलंच नाही. आज बोलावू, उद्या बोलावू. गाव काही लांब नव्हतं."  "मले वाटलं, आहे ना थो. चौकात रोज दिसून तं राहिला होता."

बाहेर कुठंतरी प्रेशर कुकरची शिटी वाजली. मी उभीच होते. 

"चांगली झाली का पाटोडी?" मी विचारलं.

"मालूम नाही. आजवर मी कधी केली नव्हती. तिच्यासारखी नसन झाली." मग दुसऱ्या ताटाकडे बघून म्हणाले, "यानं काही म्हटलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरून तिसरं ताट काढलं, पुसलं आणि येऊन त्या दोघांच्या मध्ये बसले.

"वाढा," मी म्हटलं.